चौकटीतली भूमिती तासिकेत आणा : नववी-दहावीची नवी गणिताची पुस्तके घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्याच्या नव्या गणित अभ्यासक्रमाची पुस्तके लिहिणारे, तपासणारे आणि परीक्षेचा आराखडा ठरवणारे सर्व मान्यवर

विषय : भूमितीत संगणकावरच्या हलत्या आकृत्यांना तासिका आणि गुण मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी खेड्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. भूमितीसाठी संगणक कक्षात आठवड्याला एक तासिका मिळावी असा अर्ज मी केला होता. त्यावर लेखी उत्तर आले, की या घटकाला मूल्यमापन नसल्यामुळे स्वतंत्र तासिका देता येत नाही. हे उत्तर कोणत्या कार्यालयाचे, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ते दिले त्यांनी नियमाला धरूनच दिले. पण तो नियम मला मान्य नाही, आणि तो बदलण्याची संधी आत्ता तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला आणि सगळ्यांनी वाचावे असे उघड.

नववीचे सध्याचे भूमितीचे पुस्तक 2017 चे, दहावीचे 2018 चे. या पुस्तकांत काही प्रकरणांच्या शेवटी ‘आयसीटी टूल्स ऑर लिंक्स’ (म्हणजे संगणकीय साधने किंवा दुवे) अशा मथळ्याची छोटी चौकट आहे आणि तिच्यात जिओजेब्रा या सॉफ्टवेअरचे नाव छापलेले आहे. आकृत्या काढा, गुणधर्म पडताळून पाहा, अशा अर्थाची एखाददुसरी ओळ. ती ओळ लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण दरवर्षी कुणीतरी मूल त्या चौकटीवर बोट ठेवून विचारते, “मॅडम, हे कधी करायचं?” आणि माझ्याकडे तारीख नसते. 2025-26 पासून नवा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. नववी-दहावीची पाळी अजून यायची आहे. पुस्तक छापून झाल्यावर बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून आधीच लिहिते.

जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी करायला घेतले. त्याआधी याच प्रकारचे, फ्रान्समधल्या ग्रेनोबलमध्ये तयार झालेले काब्री होते, अमेरिकेत जिऑमेटर्स स्केचपॅड होते. आज डेस्मॉसही आहे, आलेखांसाठी आणि भूमितीसाठीही. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : आकृतीतला बिंदू धरून ओढता येतो, आणि ज्या नियमाने आकृती रचली तो नियम ओढतानाही पाळला जातो. कॅसिओने आलेख काढणारा पहिला कॅल्क्युलेटर 1985 मध्ये बाजारात आणला. तसली यंत्रे आमच्या मुलांच्या आवाक्यात कधीच आली नाहीत, एकेकाची किंमत हजारांच्या घरात. आता तेच काम, आणि त्याहून बरेच जास्त, शाळेला फुकट वापरता येते. पैशाचे कारण उरलेले नाही.

यातून मुलाला नेमके काय मिळते ते सविस्तर सांगते, कारण ‘तंत्रज्ञानाचा वापर’ असे मोघम लिहिले की पुन्हा चौकटच छापली जाईल अशी मला भीती आहे.

दहावीच्या ‘वर्तुळ’ प्रकरणात जीवांच्या अंतर्छेदनाचे प्रमेय आहे, मग बाह्यछेदनाचे, मग स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचे. फळ्यावर तीन आकृत्या, वहीत तीन सिद्धता, परीक्षेत तिघांपैकी कुठलेही एक. मुले तिन्ही पाठ करतात आणि तिन्हींत गोंधळतात. आता पडद्यावर 5 सेंमी त्रिज्येचे एकच वर्तुळ घ्या. केंद्रापासून 3 सेंमीवर प हा बिंदू. प मधून जाणाऱ्या दोन रेषा काढा. एक रेषा वर्तुळाला अ आणि ब मध्ये छेदते, दुसरी क आणि ड मध्ये. पअ × पब आणि पक × पड हे दोन गुणाकार कोपऱ्यात लिहून ठेवा. दोन्ही 16 येतात. रेषा फिरवा, तुकडे कमी-जास्त होतात, एकदा 2 आणि 8, एकदा 4 आणि 4, पण गुणाकार 16 च. आता प ला धरून वर्तुळाच्या कडेकडे न्या. दोन्ही गुणाकार एकमेकांना न सोडता उतरू लागतात. प वर्तुळावर पोचला की दोन्ही शून्य. तसेच पुढे बाहेर ओढा. गुणाकार पुन्हा चढतात, आणि अजूनही समान आहेत! केंद्रापासून 13 सेंमीवर थांबलात तर दोन्ही 144. आता एक रेषा हळूहळू फिरवा. तिचे दोन छेदनबिंदू जवळ येत येत एकमेकांवर बसतात, छेदिका स्पर्शिका होते, आणि प पासून स्पर्शबिंदूचे अंतर दिसते 12. बाराचा वर्ग 144.

तीन प्रमेये एकच आहेत हे मुलांना मी सांगायच्या आधी दिसते. पुढचा प्रश्नही तीच विचारतात : आत 16 आणि बाहेर 144, हे आकडे कुठून आले? 25 मधून 9 वजा केले की 16, आणि 169 मधून 25 वजा केले की 144. त्रिज्या आणि केंद्रापासूनचे अंतर यांच्या वर्गांमधला फरक. मग कुणीतरी स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या काढते, तिथे काटकोन होतो हे प्रमेय त्यांना ठाऊकच असते, आणि 5, 12, 13 चा काटकोन त्रिकोण समोर उभा राहतो. पायथागोरस दुसऱ्या प्रकरणात शिकवलेला, स्पर्शिका तिसऱ्यात. दोन्ही एका आकृतीत भेटतात. हा तास मी फळ्यावर घेऊन पाहिला आहे. खडूने काढलेला बिंदू हलत नाही, आणि मुलांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

याहून प्राथमिक गोष्ट चौरसाची. मुलाला पडद्यावर चौरस काढायला सांगितले की ते चार बिंदू नजरेच्या अंदाजाने ठेवते आणि जोडते. दिसतो चौरसच. शेजारचा मुलगा एक कोपरा धरून ओढतो आणि चौरसाचा वेडावाकडा चौकोन होतो. मग दुसरी खेप : एक रेषाखंड, त्याच्या टोकाशी लंब, तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ, छेदनबिंदू, आणि तिथून पुढची बाजू. आता मूळ रेषाखंडाचे कुठलेही टोक ओढा, लहान होईल, मोठा होईल, फिरेल, पण चौरसच राहील. ‘पक्ष’ म्हणजे प्रमेयात दिलेली माहिती, ती काय असते आणि त्याच्यातून काय आपोआप येते, हे मी वर्षानुवर्षे तोंडाने सांगत आले. या एका कृतीत ते मुलांना स्वतःला कळते. ‘आकृतीवरून दिसते’ असे कारण सिद्धतेत लिहिण्याची सवयही कमी होते, कारण दिसण्याचा काय भरवसा असतो ते त्यांनी अनुभवलेले असते.

बाकी उदाहरणे एका दमात सांगते. कंसावर बिंदू सरकवला तरी अंतर्लिखित कोन बदलत नाही, तोच बिंदू जीवेच्या पलीकडे गेला की कोन 180 मधून वजा होऊन येतो. म्हणजे चक्रीय चौकोनाचे प्रमेय तिथेच सापडते. कुठल्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की समांतरभुज चौकोन मिळतो, मूळ चौकोन कितीही वाकडा केला तरी. त्रिकोणाचे परिकेंद्र, मध्यगासंपात आणि शिरोलंबसंपात एका रेषेत येतात, हे तर दहावीच्या पुस्तकात सिद्धही करायला सांगितलेले नाही, पण मुलांना पडद्यावर दिसते आणि त्यांना राहवत नाही. निर्देशक भूमितीत रेषेचा चढ स्लायडरने बदलत नेला की उभ्या रेषेला चढ का नाही याचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिले वर सांगितले तेच, आणि सगळ्यांच्या मुळाशी तेच आहे. दहावीला गणित भाग 1 चे 40, भाग 2 चे 40 आणि अंतर्गत 20 अशी गुणांची वाटणी आहे. या शंभरांतला एकही गुण मुलाने आकृती हलवून काही शोधले यासाठी राखलेला नाही. ज्याला गुण नाहीत त्याला तासिका नाही, तासिका नाही म्हणून प्रशिक्षण नाही, आणि प्रशिक्षण नाही म्हणून पुढच्या पुस्तकातही चौकटच. मुख्याध्यापकांना यात दोष देता येत नाही. निकालाचा जाब त्यांना विचारला जातो.

दुसरे प्रशिक्षणाचे. आमच्या भागात झालेल्या प्रशिक्षणात जिओजेब्राचा विषय एका सादरीकरणातल्या दोन-तीन स्लाइड्समध्ये संपला. माउस एकाही शिक्षकाच्या हाती आला नाही. वास्तविक आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने जिओजेब्राचे धडे तयार केलेले आहेत आणि त्यांतले मराठीतही आहेत. आमच्याच राज्यात, आमच्याच भाषेत, फुकट. शिक्षकापर्यंत ते पोचवण्याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही.

तिसरे गाऱ्हाणे यंत्रांचे. अनेक शाळांत संगणक आहेत. आमच्याकडेही आहेत. पण संगणक कक्ष बहुतेक वेळ ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामात अडकलेला असतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, पटनोंदणी, आधार जुळवणी, पोषण आहाराच्या नोंदी. ही कामे टाळता येत नाहीत हे मला समजते. पण मुलांसाठी म्हणून आलेली यंत्रे मुलांच्या हाती पडत नाहीत, आणि मुलांची वेळ वेळापत्रकात लिहिलेली नसल्यामुळे कुणाला तसे म्हणताही येत नाही. पंचवार्षिक कंत्राटावर आलेले संगणक शिक्षक कंत्राट संपताच गेले, त्यानंतर बिघडलेली यंत्रे बिघडलेलीच राहिली, हेही अनेक गावांतले शिक्षक सांगतील.

व्हिडिओंबद्दल थोडे स्पष्ट बोलते. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले, दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर चित्रफिती आल्या, आणि ‘डिजिटल शिक्षण झाले’ अशी नोंद झाली. चित्रफितीत बिंदू हलतो हे खरे, पण तो दुसऱ्या कुणीतरी हलवलेला असतो. “आणि इथे ओढला तर?” हा प्रश्न मुलाच्या मनात येतो तेव्हा चित्रफितीकडे उत्तर नसते. माझ्या वर्गात सगळ्यात चांगले प्रश्न असे नको तिथे ओढूनच निघाले आहेत. एका मुलीने त्रिकोणाचे तिन्ही बिंदू एका रेषेत आणले आणि परिवर्तुळ नाहीसे झाले. ते कुठे गेले हे समजून घेण्यात उरलेली तासिका गेली, आणि लंबदुभाजक समांतर झाले की केंद्र मिळतच नाही हे त्या वर्गाला पुन्हा सांगावे लागले नाही.

आणि विषमतेचे. अमेरिकेतल्या महाविद्यालयांसाठी जी सॅट परीक्षा होते, तिच्या नव्या डिजिटल रूपात डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच दिलेला असतो. पुण्या-मुंबईतली काही मुले त्यावर सराव करतात. आमच्या शाळेतल्या मुलींना घरचा फोन संध्याकाळी भाऊ आणि वडील यांच्यानंतर मिळाला तर मिळतो. ‘घरी मोबाइलवर करून पाहा’ असे पुस्तकात लिहिले की या मुली त्यातून बाद होतात. त्यांना हे शाळेच्या वेळेतच मिळाले पाहिजे, दुसरी वेळ त्यांच्याकडे नाही.

केरळचे उदाहरण देते, कारण ‘सरकारी शाळांत हे शक्य नाही’ असे मला वारंवार ऐकवले जाते. तिथे आयटी@स्कूल प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला, 2017 पासून ते काम काइट ही सरकारी संस्था बघते. मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारे संगणक शाळांत आहेत, आयसीटीच्या शालेय पुस्तकात जिओजेब्राचे धडे आहेत, आणि दहावीला संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा होते. तिथेही खेडी आहेत, तिथेही वीज जाते.

काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचे आक्षेप मी मनापासून ऐकले आहेत आणि त्यांतला एक फार महत्त्वाचा आहे. ते म्हणतात, मुलांना पडद्यावर 90 अंश दिसले की ती सिद्धता लिहायचे सोडून देतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच हे काम चौकटीवर सोडून चालणार नाही, पुस्तकाने ते नीट बांधून दिले पाहिजे. सॉफ्टवेअर दोन दशांश स्थळांपर्यंत माप दाखवत असेल तर 89.996 अंशाचा कोनही 90.00 असा दिसतो. स्थळे वाढवायला सांगा, मुलांना फरक दिसू द्या. शंभर त्रिकोण ओढून पाहिले तरी एकशेएकावा उरतोच, हे त्यांच्या लक्षात येऊ द्या, आणि मग विचारा : प्रत्येक त्रिकोणासाठी हे खरे आहे असे कशावरून? पक्ष, साध्य, सिद्धता लिहिण्याची गरज त्या क्षणी मुलाला स्वतःला भासते. एरवी ती गरज फक्त परीक्षेला असते.

कंपासपेटी काढून टाका असे मी म्हणत नाही, कुणी म्हटले तर मी विरोध करेन. कंपास रुतवून कंस मारताना हाताला जे कळते ते पडद्यावर कळत नाही. बाह्यबिंदूतून स्पर्शिका काढण्याची रचना मुलांनी कागदावर केलीच पाहिजे. पण तीच रचना नंतर पडद्यावर करून बाह्यबिंदू वर्तुळाच्या जवळ आणला, आत नेला, की स्पर्शिका का नाहीशा होतात हेही त्यांनी पाहावे.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

1. अंतर्गत 20 गुणांपैकी किमान 5 गुण भूमितीच्या संगणक-कृतीसाठी ठेवावेत. मुलाने आकृती रचावी, ओढून पाहावी, काय बदलले आणि काय बदलले नाही ते मराठीत चार ओळींत लिहावे, आणि एका निरीक्षणाची सिद्धता द्यावी. तयार फाइलची छापील प्रत जोडून गुण मिळतील अशी पद्धत कृपया आणू नका.

2. नव्या पुस्तकात या कृती प्रकरणाच्या मध्ये, प्रमेयाच्या आधी याव्यात. वर्तुळाची तीन प्रमेये कशी जोडता येतात ते वर लिहिले आहे, तशा मोजक्या कृती पुरेत. प्रत्येक सरावसंचाला एक अशी खैरात नको.

3. नववी आणि दहावीच्या वेळापत्रकात पंधरवड्यातून एक तासिका संगणक कक्षात, आणि त्या वेळी कक्ष कार्यालयीन कामासाठी वापरता येणार नाही असे स्पष्ट लेखी निर्देश. ज्या शाळेत एकच चालू संगणक आणि प्रोजेक्टर आहे तिथे मुलांनी गटागटाने पुढे येऊन केलेली कृतीही गुणांसाठी ग्राह्य धरावी. हे वाक्य निर्देशात नसेल तर सर्वांत गरीब शाळाच पहिल्यांदा गळतील.

4. इंटरनेट नसताना चालणारी आवृत्ती आणि तयार कृतींचा संच राज्याने स्वतः जपून ठेवावा आणि पेनड्राइव्हवर शाळांना द्यावा. पडद्यावरचे मराठी शब्द आणि पुस्तकातले शब्द एकच असावेत, यासाठी शिक्षकांचा छोटा गट नेमावा. पुस्तकात कौशल्य लिहावे, एकाच कंपनीचे नाव बंधनकारक करू नये. 2021 च्या अखेरीस भारतातल्या एका मोठ्या शैक्षणिक कंपनीने जिओजेब्रा विकत घेतल्याची घोषणा केली. 2022 मध्ये डेस्मॉसच्या अभ्यासक्रमाचा भाग दुसऱ्या कंपनीकडे गेला. मालक बदलतात, आणि आमच्या मुलांचा अभ्यास त्यांच्या अटींवर अवलंबून राहू नये.

5. प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, प्रत्येक शिक्षकासमोर यंत्र ठेवून व्हावे, आणि ते घेणारा स्वतः वर्गात शिकवणारा असावा. ज्यांनी संगणकाला हात लावलेला नाही असे सहकारी या वयातही शिकायला तयार आहेत. त्यांना घाई आणि लाज या दोन्हींपासून वाचवा.

6. नववीच्या भूमितीच्या पुस्तकाचा मसुदा छपाईला जाण्यापूर्वी निदान काही आठवडे सर्वांसाठी खुला ठेवावा आणि शिक्षकांच्या सूचनांवर काय ठरले ते जाहीर करावे.

यांतल्या सगळ्या मागण्या एकदम मान्य होणार नाहीत याची मला कल्पना आहे. एकच होणार असेल तर पहिली करा. पाच गुण आले की तासिका येईल, तासिका आली की कक्षाचे कुलूप उघडेल, आणि पुढचे आम्ही शिक्षक बघून घेऊ.

वर्तुळाच्या प्रकरणासाठी मी वर्गात वापरलेल्या कृती लिहून ठेवल्या आहेत. पुस्तक लिहिणाऱ्या गटाला त्या हव्या असतील तर विनामूल्य देईन, आणि त्या तपासायला आमच्या शाळेत कुणी येणार असेल तर मुले स्वतः करून दाखवतील. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः आले नाही तरी चालेल. ते मसुद्यात दिसावे, एवढीच विनंती.

आपली विश्वासू,
नववी-दहावीला भूमिती शिकवणारी एक शिक्षिका